आधी सोपवा, मग जा

आमच्या कंपनीत नोकरी सोडणं अगदी सोपं होतं. एक मेल टाकायचा. साहेब म्हणायचे, "अरे, बसून बोलू ना." मग कुणी बसायचं नाही आणि कुणी बोलायचं नाही. एचआरची मुलगी एक फॉर्म पाठवायची आणि शेवटच्या दिवशी केक यायचा. कठीण होतं ते भाऊंच्या तावडीतून सुटणं.

कंपनी आजारी माणसांना लागणारं सामान भाड्याने घरपोच देते. वरखाली होणारे बेड, व्हीलचेअर, ऑक्सिजनची मशीनं. ऑफिस घोडबंदर रोडला, पण ग्राहक मुलुंडपासून बदलापूरपर्यंत पसरलेले. आम्हा प्रत्येकाच्या नावावर शे-दीडशे घरं असायची. कुणाकडे काय दिलंय, फिल्टर कधी बदलायचा, पुढचा फोन कधी करायचा, हे सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये असायचं. त्याला आम्ही सिस्टीम म्हणायचो. सिस्टीममध्ये प्रत्येक घरापुढे आमच्यापैकी एकाचं नाव असायचं. माणूस नोकरी सोडून गेला की ते नाव काढायचं आणि दुसऱ्याचं घालायचं. हे काम भाऊंचं.

मीसुद्धा एकदा दोन ओळींचा मेल टाकून घरी बसले होते. माझे बाबा गेले होते. घरात कमावणारी मी एकटी, आई माझ्यावर अवलंबून, आणि मला फोन वाजला तरी धडधडायचं. परत कामाला उभी राहीन असं मलाही वाटत नव्हतं आणि आईलाही. तेव्हा भाऊ आमच्या डोंबिवलीच्या घरी आले. मला सांगायचंय ते तेच. पण आधी भाऊ म्हणजे काय चीज होती हे सांगितल्याशिवाय त्यात काही अर्थ नाही.

भाऊ पन्नाशी कधीच ओलांडलेले, बुटके, पोट सुटलेले. कल्याणहून स्कूटरवर यायचे. ऑफिसात शिरल्या शिरल्या बूट काढून टेबलाखाली सारायचे आणि दिवसभर मोज्यांवर फिरायचे. साहेबांच्या केबिनमध्येसुद्धा मोज्यांवर. कुणी टोकलंच तर म्हणायचे, "बूट घालून मला विचार करता येत नाही." एकदा बाहेरचे मोठे पाहुणे येणार होते म्हणून एचआरच्या मुलीने त्यांना हात जोडून बूट घालायला सांगितलं. भाऊंनी बूट घातले आणि पाहुणे जाईपर्यंत काडीचंही काम केलं नाही. नुसते खिडकीतून ट्रॅफिक बघत बसले.

टाइप करायचे एका बोटाने, आणि सिस्टीमशी बोलत. तिला ते 'हा' म्हणायचे. "घेतलंस का? घे रे बाबा. आता का अडवतोस?" सिस्टीम अडकली की म्हणायचे, "आज हा रुसलाय," आणि चहा प्यायला निघून जायचे. परत येईपर्यंत ती खरोखर चालू झालेली असायची, त्यामुळे त्यांना कुणी हसू शकत नव्हतं. हसायचो तरी.

सॉफ्टवेअर नवीन आलं तेव्हा ते शिकवायला एक मुलगा आलेला. गळ्यात कार्ड, हातात मोठी कॉफी. त्याने दाखवलं, माणूस सोडून गेला की त्याची सगळी घरं एकदम निवडायची, एक बटण दाबायचं, सगळी दुसऱ्याच्या नावावर. आम्ही वा वा केलं. भाऊ मागे बसलेले, ते म्हणाले, "आणि त्या घरांना कोण सांगणार?"

"ऑटोमॅटिक मेसेज जातो ना काका. की तुमचे रिलेशनशिप मॅनेजर बदललेत."

"तुझ्या आईला असा मेसेज आला तर ती काय करेल?"

मुलगा हसला. "माझी आई मेसेज वाचतच नाही."

"मग?" भाऊ म्हणाले, आणि मोज्यांवर चालत आपल्या जागेवर गेले. ते बटण त्यांनी कधीच वापरलं नाही.

त्यांची पद्धत वेगळी होती. 'ट्रान्सफर' हा शब्द त्यांना आवडत नसे. ते 'सोपवणं' म्हणायचे. जाणाऱ्या माणसाला शेजारी खुर्ची द्यायची, ज्याच्याकडे घरं जाणार त्याला दुसऱ्या बाजूला, आणि एकेक घर उघडायचं. प्रत्येक घराला तीन प्रश्न. दार कोण उघडतं? फोन कधी करायचा नाही? कशावरून चिडतात? उत्तरं ते एका बोटाने सिस्टीममध्ये भरायचे. मग जाणाऱ्याने तिथल्या तिथे त्या घरी फोन लावायचा, मी चाललोय म्हणून सांगायचं, आणि फोन नव्या माणसाच्या हातात द्यायचा. तो बोलला, तिकडून कुणीतरी "बरं बरं" म्हणालं, की जाणाऱ्याने आपल्या हाताने आपलं नाव काढायचं. भाऊ ते कधी काढत नसत. म्हणायचे, "दुसऱ्याने काढलं की हाकलल्यासारखं होतं."

शे-दीडशे घरं अशी सोपवायची म्हटल्यावर काय होत असेल बघा. लोक वैतागायचे. नवीन नोकरीची स्वप्नं बघत असलेला माणूस घामाघूम होऊन एकेका म्हाताऱ्याशी बोलतोय, आणि तिकडे केकवरचं क्रीम वितळून खालच्या पुठ्ठ्यावर आलंय. साहेब केबिनच्या काचेतून बघायचे आणि परत आत जायचे. पण त्या तीन प्रश्नांची उत्तरं ऐकायला आम्ही आपापली कामं सोडून खुर्च्या ओढून बसायचो, हेही तितकंच खरं. माजिवड्याच्या एका आजींकडे बेल वाजवायची नाही, शेजारच्या दारावर टकटक करायची, कारण किल्ली शेजारणीकडे असते. एका घरी ऑक्सिजनच्या मशीनला कूलर म्हणायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू द्यायचं नाहीये. एका घरी सुनेने फोन उचलला तर सासूची तब्येत आधी विचारायची नाही, आधी सुनेची कंबर विचारायची.

टिटवाळ्याचा एक मुलगा साहेबांशी भांडून अर्ध्या दिवसात निघून गेलेला. फोन बंद. भाऊ रविवारी लॅपटॉप घेऊन त्याच्या घरी. मुलाला वाटलं कंपनीने माणूस पाठवलाय, आता काहीतरी लफडं होणार. तो गच्चीत जाऊन लपला. त्याच्या आईने भाऊंना पोहे दिले. भाऊंनी पोहे खाल्ले, वर गेले आणि पाण्याच्या टाकीला टेकून बसले.

"भाऊ, मी सोडलंय ना. विषय संपला. तुम्ही कशाला आलात?" मुलगा म्हणाला.

"तू कंपनी सोडलीस. त्या शहाडच्या बाईंनी काय केलंय तुझं? त्या तुझी वाट बघतायत."

त्यावर मुलगा म्हणाला, "त्यांना संध्याकाळी फोन नका करू, त्यांची नात क्लासवरून येते." उन्हं उतरेपर्यंत दोघं गच्चीत होते. हे त्या मुलानेच नंतर आम्हाला सांगितलं. आता तो दुसरीकडे आहे, पण भाऊंना दिवाळीला फोन करतो.

भाऊंचा हा हट्ट म्हणजे निव्वळ विक्षिप्तपणा आहे असं मीही बरेच दिवस म्हणायचे. मोठ्याने नाही, पण म्हणायचे. एकदा भाऊ कोकणात भाचीच्या लग्नाला गेलेले. नेमका तेव्हाच एकजण घाईघाईने नोकरी सोडून गेला. साहेबांनी स्वतः ते बटण दाबलं, आणि त्याची अर्धी घरं माझ्या नावावर आली. दुसऱ्या दिवशी सिस्टीमने मला आठवण करून दिली, टेंभी नाक्याच्या एका आजोबांचा आज वाढदिवस. त्यांच्याकडे आपला बेड होता. असे फोन आम्ही करायचो, लोकांना बरं वाटतं. मी अगदी हसऱ्या आवाजात फोन लावला आणि म्हणाले, "आजोबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या होत्या, फोन देता का त्यांच्याकडे?"

तिकडे त्यांची सून होती. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती इतकंच म्हणाली, "ते गेले हो. तुमच्या आधीच्या माणसाला सांगितलेलं मी. बेड तेवढा घेऊन जा. दार उघडलं की समोर तोच दिसतो."

आधीच्या माणसाला सांगितलेलं, ते त्याच्या डोक्यात होतं, आणि डोकं घेऊन तो गेला. त्यात त्याचीही फार चूक म्हणता येणार नाही, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

भाऊ लग्नाहून आले. मी त्यांना सांगितलं. ते टेबलाखाली वाकले. बूट घातले आणि म्हणाले, "चल." टेंभी नाक्याला त्या घरी आम्ही गेलो. कंपनीची दोन माणसं बेड सोडवत होती, भाऊसुद्धा खाली बसून स्क्रू काढायला लागले. बेड गेल्यावर त्यांनी त्या बाईंकडून झाडू मागून घेतला आणि जमिनीवर बेडच्या चाकांनी पडलेले काळे डाग पुसायला फडकंही मागितलं. ती नको नको म्हणत होती. भाऊ म्हणाले, "आमच्यामुळे पडलेत." तिने आम्हाला कोकम सरबत दिलं आणि सासऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. परतताना स्कूटरवर भाऊ एवढंच म्हणाले, की लग्नात आमरस चांगला होता.

तर असे भाऊ.

आता माझं. बाबा एमआयडीसीतल्या एका छापखान्यात होते. रिटायर झाल्यावर त्यांना दम लागायला लागला, आधी जिन्यावर, मग बाथरूमपर्यंत जातानाही. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन सांगितला. मी आमच्याच कंपनीतून मशीन आणलं. सिस्टीममध्ये इतर पेशंटसारखंच बाबांचं नाव भरलं आणि त्यापुढे माझं. बाबांना त्याची गंमत वाटायची. म्हणायचे, "म्हणजे मी तुझा ग्राहक. मग जरा नीट वाग माझ्याशी." वर्षभर ते मशीन आमच्या हॉलमध्ये घुमत राहिलं, आणि मग एका सकाळी बाबा गेले.

बारावं-तेरावं झालं, मी ऑफिसला गेले. पहिलाच फोन लावला, तिकडे कुणीतरी खोकलं, आणि मी फोन ठेवून दिला. दुसरा लावलाच नाही. सगळ्यांच्या घरी माझे बाबाच पलंगावर बसलेत असं वाटायचं. दोन-चार दिवस रेटलं. मग एका सकाळी घरूनच दोन ओळींचा मेल टाकला आणि आतल्या खोलीत जाऊन पडले. आईने काही विचारलं नाही. तिचं तिचं चाललेलं. मशीन तसंच हॉलमध्ये होतं. ती रोज ते पुसायची, आणि दुपारी तासभर चालू करून ठेवायची. मी चिडले तर म्हणाली, "बंद राहिलं की बिघडतं. कंपनीचं आहे, आपलं नाही." नळीचं टोक हवेत सोडलेलं, मशीन घुमतंय, आणि आई शेजारी बसून भाजी निवडतेय. मला ते बघवायचं नाही. पण तिला 'बंद कर' म्हणायचीही छाती नव्हती.

त्या शनिवारी भाऊ आले. मी बाहेर गेलेच नाही. भिंतीपलीकडून त्यांचं आणि आईचं बोलणं ऐकत पडून राहिले. भाऊंनी चहा घेतला, आईच्या माहेरची चौकशी केली. दोघांचंही कोकणच निघालं, मग काय विचारता. मधेच मशीन सरकवल्याचा आवाज आला. भाऊ म्हणत होते, "वहिनी, भिंतीला असं चिकटवून ठेवू नका. मागून हवा लागते त्याला." चालू का ठेवलंय हे त्यांनी विचारलं नाही. जाताना माझ्या दाराशी येऊन म्हणाले, "पुढच्या शनिवारी येतो गं. सोपवायचंय."

पुढच्या शनिवारी मी बाहेर आले, ती भांडायलाच.

"भाऊ, मेल टाकलाय मी. काढून टाका ना माझं नाव. पाहिजे तर लिहून देते."

"लिहून घेऊन काय करू? मला दार कोण उघडतं ते सांग." त्यांनी लॅपटॉप आमच्या जेवायच्या टेबलावर उघडलेला, आणि पहिलं घर समोर होतं.

मी खुर्ची ओढून बसले. उत्तरं एकेका शब्दात दिली. भाऊ सावकाश टाइप करत होते, मधेच सिस्टीमला दटावत होते. फोन लावायला मी साफ नकार दिला. ते म्हणाले, "बरं, फोन नंतर." दहा-बारा घरं झाल्यावर त्यांनी लॅपटॉप मिटला. आईने त्यांना जेवायला थांबवून घेतलं.

असे बरेच शनिवार गेले. ऑफिसात काय चाललंय ते मला एचआरच्या मुलीने नंतर सांगितलं. सिस्टीममधल्या प्रत्येक नावाचे कंपनीला पैसे पडतात, म्हणून साहेब दर आठवड्याला विचारायचे, "ती गेली ना सोडून? मग नाव अजून का आहे?" भाऊ म्हणायचे, "सोपवणं चालू आहे." साहेब म्हणायचे, "इतके दिवस?" भाऊ म्हणायचे, "घरं पुष्कळ आहेत." माझ्या घरांना रोजचे फोन तोवर भाऊच करत होते, मोज्यांवर, आपलं काम सांभाळून.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी मी त्यांची चूक काढली. कल्याणच्या एका आजोबांच्या पुढे ते काहीतरी भलतंच भरत होते. मी म्हणाले, "छे हो, ते दुपारी झोपत नाहीत. ते दुपारी रेडिओ ऐकतात, म्हणून फोन उचलत नाहीत." भाऊ म्हणाले, "असं होय. मग आत्ता उचलतील का?" आणि फोन माझ्यासमोर धरला. नंबर लावलेलाच होता. तिकडून "हॅलो" ऐकू आलं, आता ठेवून देणं बरं दिसलं नसतं.

"अगं, होतीस कुठे?" आजोबा म्हणाले. त्यांना एका दमात दोन-तीन शब्दच बोलता येतात.

"माझे बाबा गेले, आजोबा."

हे वाक्य मी तोवर कुणाला म्हटलेलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती, सगळ्यांना आधीच माहीत असायचं.

त्यांच्याकडच्या मशीनचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "वय काय?"

"चौसष्ट."

"लहान होते गं... माझ्यापेक्षा." थोड्या वेळाने म्हणाले, "आई... जेवते का नीट?"

मी हो म्हणाले. मग मी चालले आहे, आता तुम्हाला दुसरा मुलगा फोन करेल, असं सांगितलं. ते "बरं" म्हणाले. भाऊंनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि मी त्यांच्यापुढचं माझं नाव काढलं. काढताना रडले. भाऊ खिडकीबाहेर बघत होते, आई आतून पाणी घेऊन आली. त्या दिवसापासून उरलेल्या घरांचे रोजचे फोनही मीच घरून करायला लागले.

गंमत अशी की सोडून जायचं म्हणून मी रोज त्या माणसांशी बोलत होते. एकेकाचा निरोप घेता घेता कुणाच्या नातीला नोकरी लागली ते कळायचं, कुणी गेलेलं असायचं तेही कळायचं, आणि कळलं तरी मी फोन ठेवून पळत नव्हते. भाऊंनी हे ठरवून केलं का? मी त्यांना पुष्कळदा विचारलंय. ते आता निवृत्त होऊन कल्याणला घरी असतात. विचारलं की म्हणतात, "माझं काम होतं ते." मला त्यांचा कधी कधी राग येतो, इतकं त्यांनी माझ्यासाठी केलंय आणि मला आभार मानायची सोय ठेवलेली नाही. मला ते माझ्या सख्ख्या काकांहून जवळचे आहेत. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं तर विषय बदलतील, म्हणून इथे लिहितेय.

शेवटच्या शनिवारी एकच नाव उरलं. नावं ओळीने होती, तरी बाबांचं नाव दर वेळी मागे राहतंय हे माझ्या लक्षात आलेलं. भाऊ ते सोडून पुढच्या घराला जात होते. आज सोडायला पुढे काही नव्हतं.

भाऊंनी बाबांचं पान उघडलं आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. प्रश्न विचारले नाहीत. मीच बोलायला लागले. म्हणाले, दार आई उघडते, पण उठायचे आधी बाबाच, नळी ओढली जायची आणि आई ओरडायची. फोन कधीही केलेला चालायचा त्यांना, फोनची वाटच बघत असायचे. चिडायचे वर्तमानपत्राच्या घडीवरून, कुणी आधी उघडलं की त्यांना ते शिळं वाटायचं. मी किती बोलले कोण जाणे. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि मी चुकले तिथे तिने दुरुस्त केलं. वर्तमानपत्राचं तसं नव्हतं म्हणाली, छापखान्यातली सवय होती, ते आधी शाईचा वास घ्यायचे. भाऊंनी तेही टाइप केलं, एका बोटाने. बंद होणाऱ्या पानावर हे कुणी कधी वाचणार नव्हतं.

मग मशीन परत करण्याचं कारण निवडायचं होतं. बरे झाले, दवाखान्यात हलवले, निधन, इतर. मी निवडलं. पान मिटलं, आणि माझ्या नावापुढे एकही घर राहिलं नाही.

"झालं," मी म्हणाले. "आता माझं नाव कुठून काढायचं?"

"काढू. आधी मशीनचं सांग. गोडाऊनला नेऊ?" भाऊ म्हणाले. "की इथेच डोंबिवलीत देऊ? पश्चिमेला एक बाई कालपासून थांबल्यायत. दवाखान्यातून आज सोडतायत त्यांना. आपली सगळी मशीनं बाहेर आहेत."

मी आईकडे बघितलं. ती मशीनकडे बघत होती. मग आत गेली आणि ओलं फडकं घेऊन आली. रोजच्यासारखंच मशीन पुसायला बसली, फक्त आज तिने वायर नीट गुंडाळून मागच्या आकड्याला अडकवली.

"द्या त्यांना," मी म्हणाले.

"नाव कुणाचं घालू?"

"कुणाचंही घाला."

भाऊंनी ऑफिसातल्या एकाचं नाव घेतलं. मी म्हणाले, त्याला डोंबिवली पश्चिम अजिबात माहीत नाही, तो फाटकापाशीच फिरत बसेल. त्यांनी दुसरं घेतलं. मी म्हणाले, ती नवीन आहे, पहिल्या दिवशी घरातले किती घाबरलेले असतात तिला काय ठाऊक. त्यांनी तिसरं घेतलं. मी म्हणाले, तो फोनवर फार घाई करतो. भाऊंनी चौथं नाव घेतलं नाही. बोट तसंच वर धरून बसून राहिले.

"तुझंच घाल की," आई म्हणाली. मशीन पुसता पुसता, आमच्याकडे न बघता.

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. या नावाला मी खोट काढली नाही. त्यांनी एकेक अक्षर शोधत माझं नाव घातलं आणि सिस्टीमला म्हणाले, "घे." तिने घेतलं.

मी नंबर लावला. तिकडे त्या बाईंचा मुलगा होता, आवाजावरून माझ्याच वयाचा. मागे कुणीतरी गादी सरकवत होतं. मी सांगितलं की मशीन तासाभरात येतंय. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, नळी पायात येणार नाही अशी पलंगाखालून घ्या, आणि दिवे जातील तेव्हासाठी छोटा सिलिंडर मी सोबत पाठवतेय. त्याने सगळं दोनदा विचारून घेतलं. पहिल्या दिवशी झोप नाही येणार, मी म्हणाले, पण ती आवाजाने नाही, तुम्ही त्यांच्याकडे बघत बसाल म्हणून. दोन-तीन दिवसांनी येईल.

त्याने मागच्यांना गादी तिथेच राहू द्यायला सांगितलं. मग म्हणाला, "मॅडम, काही अडलं तर फोन कुणाला करायचा?"

"मला करा," मी म्हणाले.